रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग आजार कसला?

"मॅडम, रक्त तपासलं, थायरॉइड झालं, मेंदूचा एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. मग स्किझोफ्रेनिया म्हणतात ते कशावरून?" फाइल माझ्यापुढे सरकवत त्या आईने विचारलं. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं न फोडता पिशवीत तशीच होती. हा प्रश्न मला फार घरांतून ऐकू येतो, म्हणून ओळख लागणार नाही अशा बेताने ही हकिगत सांगते.

मुलगा २१ वर्षांचा. वर्षभरात मित्र सुटले, कॉलेज सुटलं, अंघोळीचाही कंटाळा. चेहऱ्यावर ना आनंद ना राग. आधी घरच्यांनी आळशी म्हणून बोल लावला, मग मोबाइलचं व्यसन ठरवलं, कारण रात्रंदिवस कानात हेडफोन. माझ्यासमोर बसला तेव्हाही ते गळ्यात होते. "काय ऐकतोस एवढं?" मी विचारलं. बराच वेळ तो गप्प होता. मग खाली बघत म्हणाला, "ऐकत काही नाही. मोठ्याने गाणी लावली की ते दोघे जरा दबतात."

ते दोघे म्हणजे त्याच्या प्रत्येक हालचालीवर शेरे मारणारे आवाज. "बघ, उठला. आता पाणी पिणार." शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात याचीही त्याला खात्री होती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्याने चिकटपट्टी लावली होती, ती आईने पाहिली होती. कारण मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी त्यांना सांगितलं, हा आजार रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. तरी तपासण्या वाया गेल्या नाहीत. थायरॉइडचे विकार, फिट्स, मेंदूतली गाठ, गांजासारखी नशा यांमुळेही भास होतात, ते आधी वगळावं लागतं. पुढचं निदान होतं ते रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून. डॉक्टर पाच गोष्टी बघतात: काही केल्या न हटणारे चुकीचे समज, भास, असंबद्ध बोलणं, विस्कळीत वागणं, आणि इच्छा-भावना आटत जाणं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या डीएसएम-५ या निकषांनुसार यातल्या किमान दोन गोष्टी महिनाभर ठळकपणे असाव्या लागतात, त्यातली एक पहिल्या तिनांपैकी. आणि सगळा त्रास मिळून ६ महिन्यांचा हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत मात्र महिन्याभराची लक्षणं पुरतात. म्हणून 'कधीपासून?' हा प्रश्न डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा घरातल्यांकडेच असतं.

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगावंसं वाटतं ते त्या पाचव्या लक्षणाबद्दल. पुष्कळदा तेच सुरुवातीला येतं, आणि आळस समजून घरात त्यावरून रागावणं सुरू होतं. अशा वेळी उपचाराचे महिने हातचे जातात. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी सुधारणा चांगली होण्याची शक्यता जास्त. आणि आवाज 'मर' म्हणत असतील किंवा मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आईला मी दोन कामं दिली. कोणता बदल कधी दिसला ते आठवून कागदावर मांडायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. दुसरं, "शेजारी कशाला पाळत ठेवतील?" असा वाद घालायचा नाही. "तुला भीती वाटत असेल ना?" एवढं विचारायचं. याने तो निदान बोलता तरी राहतो.

गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांनी आवाज कमी झाले. उत्साह परतायला मात्र बराच जास्त काळ लागतो आहे, आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत हे दर भेटीत बोलावं लागतं.

मागच्या भेटीत आईने धाकट्या मुलीबद्दल विचारलं, तिलाही होईल का? सख्ख्या भावंडाला हा धोका साधारण दहात एक असतो, म्हणजे होण्यापेक्षा न होण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. तिला गांजा आणि इतर नशेपासून लांब ठेवा, आणि ती अचानक मिटून राहायला लागली तर वर्षभर थांबू नका, असं मी सांगितलं.