राउटरचं अडॅप्टर गेलं, सेट-टॉप बॉक्सचं लावू का?

लावा, पण आधी मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात दोन्हींवरची ‘आउटपुट’ची बारीक ओळ वाचा.

व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. १२ व्होल्टच्या राउटरला ९ चं लावलंत तर तो सुरूच होणार नाही किंवा सारखा बंद-चालू होईल. ९ च्या राउटरला १२ दिलेत तर आतलं सर्किट जळू शकतं. अँपिअरचं तसं नाही. जुन्यावर १ असेल तर २ चं बिनधास्त लावा, राउटर लागेल तेवढाच करंट ओढतो. कमीचं मात्र नको, ते तापतं.

राउटरमध्ये जाणाऱ्या पिनकडे लोक बघतच नाहीत. अडॅप्टरवर ठिपक्याभोवती अर्धगोल असं चिन्ह असतं, त्यातलं अधिक-उणे दोन्हींवर सारखंच हवं. शिवाय पिन बाहेरून ५.५ मिमीची दिसली तरी आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं. आमच्याकडे २.५ ची पिन २.१ च्या राउटरला लावली होती. वायरला जरा धक्का लागला की नेट गेलंच! दोन दिवस आम्ही उगाच नेटवाल्याला फोन करत होतो.

नवीन घेणार असाल तर जुनं सोबत न्या आणि बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, त्याखाली ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघूनच घ्या. हे दिवसरात्र प्लगमध्ये राहणार आहे, पन्नास रुपयांसाठी बिनछापाचं घेऊ नका.