गार्ड चुकतो आणि घरातला माणूस चिडतो

अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या आरंभी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याने संपतो. इंडियानासारख्या बास्केटबॉलवेड्या राज्यात समुपदेशन करत असल्यामुळे या महिन्यांत माझ्याकडे एक तक्रार हमखास येते, आणि ती सामना पाहणाऱ्यापेक्षा त्याच्या पत्नीची किंवा मुलांचीच अधिक असते. "मॅच हरली की दोन दिवस घरात बोलायची सोय नसते. सगळा राग त्या एका गार्डवर. पास का दिला नाही, घाई का केली, शॉट का मारला. आम्ही त्या मुलाला कधी भेटलेलोही नाही, पण त्याच्या चुकीची शिक्षा आम्हाला होते." (गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणारा आणि पास कोणाला द्यायचा ते ठरवणारा खेळाडू.) क्रिकेटबद्दल असेच बोलणारी कुटुंबे मला ऑनलाइन भेटींत पुण्या-नाशिकहूनही भेटतात. म्हणून इथल्या एका गृहस्थांचा अनुभव, संबंधितांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, इथे मांडते आहे.

हे गृहस्थ महाराष्ट्रातून अभियांत्रिकी शिकून पदव्युत्तर शिक्षणासाठी इथे आले आणि इथेच स्थायिक झाले. ज्या विद्यापीठात ते शिकले, त्याच्या संघावर त्यांचे मनापासून प्रेम आहे आणि खेळाची त्यांची जाणही उत्तम आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी त्या गार्डचे असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास) किती, त्याने चेंडू किती वेळा गमावला, याचे आकडे मला तोंडपाठ सांगितले. त्यांची पत्नी शेजारी बसून हे शांतपणे ऐकत होती.

"मॅडम, मी चिडतो हे मान्य. पण मी चुकीचे बोलतो का, ते सांगा," ते म्हणाले. "शेवटच्या मिनिटात दोन जण अंगावर आले होते आणि कोपऱ्यात शूटर एकटा उभा होता. हा सरळ त्या दोघांच्या मधून घुसायला गेला. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला एवढे दिसू नये?"

"तुमचे निरीक्षण बरोबर असेल," मी म्हटले. "पण त्या रात्री तुम्ही त्या मुलाला संदेश पाठवलात. तो पाठवताना तुम्हाला नेमके काय हवे होते?"

ते बराच वेळ थांबले. "त्याला कळायला हवे होते."

"काय कळायला हवे होते?"

"आम्हाला किती त्रास होतो ते."

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे ती अनेकांना परिचित आहे. घटना आपल्याला थेट चिडवत नाही, त्या घटनेबद्दल आपण धरलेला हट्ट चिडवतो, हे या विचाराचे मूळ. गार्डने योग्य निर्णय घ्यावा ही इच्छा अगदी रास्त आहे, परंतु त्याने चुकताच कामा नये ही मागणी कोणीही पूर्ण करू शकत नाही. गृहस्थांनी हे लगेच मान्य केले आणि पुढच्या शनिवारी तितकेच चिडले. बुद्धीला पटलेली गोष्ट अनुभवातून गेल्याखेरीज स्वभावात उतरत नाही, असे मी नेहमी पाहते. म्हणून मी त्यांना एक काम दिले.

ज्यांच्याशी काही देणेघेणे नाही अशा दोन संघांचा, निकाल माहीत नसलेला एखादा रेकॉर्ड केलेला सामना निवडायचा. सहकारी स्क्रीन लावतो, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभा राहतो, आणि गार्ड चेंडू घेऊन त्याच्या अंगावरून वळतो, त्या क्षणी चित्र थांबवायचे आणि लगेच बोलायचे: पास, शॉट, आत घुसणे, की मागे येणे. मग चित्र पुढे न्यायचे. पुरुषांच्या कॉलेज सामन्यांत 2015-16 च्या हंगामापासून शॉट घेण्यासाठी 35 ऐवजी 30 सेकंद मिळतात, आणि त्यातलेही काही सेकंद चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे नेण्यात जातात. उरलेल्या वेळात मागून एक बचावपटू पाठलाग करत असतो, समोर एक उंच खेळाडू हात पसरून उभा असतो आणि दूरच्या बाजूने तिसरा मदतीला यायच्या तयारीत असतो. टीव्हीचा कॅमेरा उंचावरून दहाही खेळाडू दाखवतो. गार्डला मात्र आपल्याहून उंच माणसांच्या हातांमधून जेवढे दिसेल तेवढ्यावरच ठरवावे लागते.

पुढच्या भेटीत त्यांनी वही उघडली, पण वाचून काही दाखवले नाही. "बहुतेक वेळा मला उत्तरच सुचले नाही," ते म्हणाले. "सुचले तेव्हाही पुढे बचाव असा सरकला की माझा पास त्यांच्याच हातात गेला असता." थोड्या वेळाने ते स्वतःहून म्हणाले, "कोपऱ्यातला तो शूटर मला रिप्लेमध्ये दिसला होता. प्रत्यक्ष खेळ चालू असताना मीही चेंडूकडेच बघत होतो."

शेवट कळल्यानंतर 'हे तर आधीच दिसत होते' असे माणसाला खरोखर वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रयोगांतून दाखवले आहे. गृहस्थांना ते मी सांगितले असते तर त्यांनी मान डोलावली असती. स्वतःच्या वहीतून ते त्यांच्यापर्यंत पोहोचले, याचे मला मोठे समाधान आहे. त्यानंतर ते निर्णय आणि निकाल वेगळे मोजू लागले. मोकळ्या सहकाऱ्याला पास दिला आणि त्या सहकाऱ्याचा शॉट चुकला, तर आकड्यांत गार्डच्या नावावर काहीच जमा होत नाही, तरीही निर्णय उत्तमच असतो.

इथवर पुष्कळ साधले होते, परंतु मला एक प्रश्न सतावत होता. खेळाची इतकी समज असलेल्या माणसाला ही चूक एवढी का झोंबावी? मी त्यांना विचारले, "हरल्यावर सर्वांत जड वेळ कोणती?" शेवटचा भोंगा वाजतो ती, असे उत्तर येईल, असे वाटले होते.

"सोमवारचे जेवण," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. पहिल्या नोकरीत ते जेवणाच्या टेबलावर गप्प बसत, कारण बाकीच्यांच्या गप्पांत त्यांना शिरता येत नसे. एका मार्च महिन्यात ते आपल्या संघाबद्दल बोलले आणि सगळे ऐकू लागले. तेव्हापासून संघ जिंकला की सोमवारी त्याचा शर्ट घालून जायचे आणि हरला की तो कपाटात ठेवायचा. (रॉबर्ट चाल्डिनी यांनी 1976 मध्ये विद्यार्थ्यांमध्ये नेमके हेच नोंदवले होते: अमेरिकन फुटबॉलचा सामना जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक दिसत.) एवढे सांगून ते म्हणाले, "त्या मुलाने चेंडू गमावला की मला वाटते, त्या टेबलावरची माझी खुर्ची गेली."

मी काही बोलले नाही. अशा वाक्यानंतर गप्प राहता येणे, हे माझ्या कामातले सर्वांत मौल्यवान कौशल्य आहे, असे मी मानते. त्यांची पत्नी रडत होती. नवऱ्याच्या रागाखाली इतक्या वर्षांचे परकेपण दडलेले आहे, हे तिने प्रथमच ऐकले होते. परक्या देशात कष्टाने मिळवलेल्या स्थानाचा सगळा भार त्यांनी एका कोवळ्या वयाच्या मुलाच्या मनगटावर ठेवला होता आणि त्या मुलाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्याच भेटीत मी त्यांना फ्रेड ब्राउनची आठवण करून दिली. 1982 चा अंतिम सामना, न्यू ऑर्लिन्स. पहिल्या वर्षाला असलेल्या मायकल जॉर्डनच्या शॉटने नॉर्थ कॅरोलिना 63-62 असे पुढे गेले होते. शेवटच्या काही सेकंदांत जॉर्जटाउनचा गार्ड ब्राउन याने सहकारी समजून चेंडू चक्क प्रतिस्पर्धी जेम्स वर्दीच्या हातात दिला. प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांनी त्याला तिथेच मिठीत घेतले. दोन वर्षांनी जॉर्जटाउनने ह्यूस्टनला हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा ब्राउन त्या संघात होता आणि थॉम्पसन यांनी त्याला पुन्हा मिठी मारली. मी एवढेच विचारले, "त्या चेंडूवर थॉम्पसन यांचे तुमच्यापेक्षा जास्त अवलंबून होते, की कमी?"

त्यानंतरच्या एका पराभवानंतर ते सोमवारी शर्ट घालून कार्यालयात गेले. टेबलावर नेहमीसारख्या गप्पा झाल्या. खुर्ची तिथेच होती.

घरच्यांना माझे सांगणे असे की 'खेळच तर आहे' हे वाक्य टाळावे. समोरच्याने त्या खेळात किती काय गुंतवले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि आपले दुःख हलके लेखले जाते आहे असे वाटले की राग दुप्पट होतो. सामना संपल्यावर तासभर त्या विषयावर बोलू नये आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारावे, 'तुला सर्वांत जास्त काय लागले?'

चाहत्यांनी त्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि खेळाडूला कधीही थेट काही लिहू नये. 2021 पासून हे खेळाडू स्वतःच्या नावावर पैसे कमावू शकतात, मग बोलले तर बिघडले कुठे, असे मला विचारले जाते. पैशाने अपेक्षा वाढतात, पण उंच हातांमधून दिसण्याची मर्यादा तीच राहते.

एक प्रश्न मात्र मी आता पहिल्याच भेटीत विचारते: सामन्यावर पैसे लावले आहेत का? सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निर्णयानंतर अनेक राज्यांनी सट्टा कायदेशीर केला, इंडियानात तो 2019 मध्ये सुरू झाला, आणि एकेका कॉलेज खेळाडूच्या कामगिरीवरचा सट्टा बंद करावा, असे आवाहन कॉलेज क्रीडास्पर्धा चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी 2024 मध्ये केले. उत्तर 'हो' असेल तर गार्डच्या निर्णयांची चर्चा आम्ही बाजूला ठेवतो आणि आधी पैशांबद्दल बोलतो, तेही घरातल्या दुसऱ्या माणसाला सोबत बसवून.