"दादा म्हणतो, आईचं वय झालं"

"आई सगळं विसरते. डिमेन्शियाच ना?" पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीचा हा प्रश्न. आई 74 वर्षांची, गावी मुलाकडे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

भेटीत आजींची उत्तरं मुलगा आणि सूनच देत होते. म्हणून दोघांना बाहेर बसवलं. वार, महिना, नातवाची इयत्ता, काहीही विचारा, आजींचं एकच: "मला नाही ठाऊक." आठवून बघायची खटपटच नाही. डिमेन्शियातला माणूस बहुतेकदा काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. नैराश्यात बुडालेला प्रयत्नच सोडून देतो. एवढ्यावर निदान होत नाही, पण कुठे शोधायचं ते कळतं.

मग सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस विचारला. ताट दाराशी स्टुलावर ठेवून जातात. संडासला न्यायला कुणी नाही, म्हणून दुपारनंतर पाणी बंद. श्रवणयंत्राची बॅटरी संपून पाच महिने झालेले. यंत्र रुमालात गुंडाळून उशीखाली. रात्री हाका मारू नयेत म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी. यातली एकेक गोष्टही म्हाताऱ्या माणसाचं भान मंद करते. इथे तर चारही एकत्र!

डॉक्टरांनी बी-12 जीवनसत्त्व, थायरॉइड, सोडियम, साखर आणि लघवी तपासली. बी-12 कमी निघालं. झोपेची गोळी एकदम न तोडता हळूहळू कमी केली, एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. (एक-दोन दिवसांतच माणूस बरळू लागला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.)

सुनेला दोषी ठरवून आजींचं पोट भरणार नव्हतं. ती दोन वर्षं एकटी सगळं ओढत होती. दुपारी चार तास येणाऱ्या बाईचा पगार लेकीने उचलला. आजींचं वजन दर महिन्याला लिहायचं ठरलं, कारण "मला जेवायला दिलं नाही" हे भ्रम म्हणून उडवून लावणं फार सोपं असतं. काटा खोटं बोलत नाही.

मारहाण, कोंडून ठेवणं, पेन्शन काढून घेणं असेल तर समजुतीची वाट पाहू नका. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567. निर्वाहासाठी आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. आईला जमत नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्तीही करू शकते.

तीन महिन्यांनी आजी स्वतःहून म्हणाल्या, "नातवाची परीक्षा सोमवारी आहे." वार बरोबर होता. नावं अजून चुकतात; त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.