बाजारात नेऊ नकोस

बापू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. बकऱ्यांच्या नाकाला शेंबूड, डोळ्यांना चिपडं, दोन करडांना हगवण, आणि तू विचारतोस काय, तर बाकीच्या धडधाकट दिसतात तोवर बाजारात काढून टाकू का. नाही. दलाल काही म्हणो, नाही.

खालचा ओठ ओढून हिरड्या पाहिल्यास का? कोंडा चिकटल्यासारखा थर आणि तोंडाला घाण वास असेल तर पीपीआरचाच, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या त्या विषाणूजन्य साथरोगाचाच, संशय धर. धडधाकट दिसण्याला काही अर्थ नसतो रे. विषाणू शिरल्यावर लक्षणं दिसायला चार-सहा दिवस जातात, कधी जास्तही, आणि बकरी दिसायला आजारी पडण्याआधीपासून रोग पसरवत असते. तू बाजारात बकऱ्या नेणार नाहीस, पीपीआर नेशील.

बुळकांडी, ती गुराढोरांची साथ, तू पाहिली नाहीस, पाहणारही नाहीस. 2011 साली ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. पीपीआर तिचाच भाऊबंद, आणि 2030 पर्यंत त्यालाही संपवायचं ठरलंय. जमण्यासारखं आहे. हा विषाणू अंगाबाहेर फार टिकत नाही, बरी झालेली बकरी पुढे रोग बाळगत नाही, उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या पशुसंशोधन संस्थेच्या सुंगरी 96 सारखी लस आपल्या देशातच तयार झाली. मग अडतं कुठे? बाजाराच्या टेम्पोत. तो बोकड बाजारातून आणलास तेव्हा तीन आठवडे वेगळा बांधायला, त्याची बादली वेगळी ठेवायला सांगितलं होतं. देखणा होता म्हणून थेट कळपात सोडलास!

असो. आता आजारी बकऱ्या वेगळ्या कर, त्यांचं चारापाणी शेवटी. मेलेलं करडू नाल्यात फेकायचं नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. आणि आजारी बकऱ्या टेम्पोत घालून नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजात आणू नकोस, वाटेत दहा कळपांना प्रसाद वाटशील. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना वाड्यावर बोलाव. नमुने ते घेतील, लस कोणाला टोचायची तेही तेच ठरवतील. विषाणूवर औषध नाही, पण सोबतच्या न्यूमोनियावर आणि हगवणीवर इलाज होतो, बकऱ्या वाचतात. लस आली की कुपी बर्फात आहे का ते मात्र स्वतः बघ. कालवलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते. उन्हात पडलेली टोचणं म्हणजे पाणी टोचणं.

रोगाचं दवाखान्यात कळवलं तर गावात नाव खराब होईल म्हणतोस. होईल. माझ्या कळपातल्या रोगाचं मी कळवलं तेव्हा बकरी ईद तोंडावर होती, आसपासच्या सगळ्यांची विक्री अडली. चुगलखोर म्हणाले मला. एका सोयऱ्यानं टाकलेलं बोलणं अजून टाकलेलंच आहे; त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आली नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण माझं काय चुकलं? आजारी माल खपवून त्याचे बोकड वाचले असते का? बरं, कळवणं काही माझी हौस नव्हे, जनावरांच्या साथरोगांवरच्या 2009 च्या कायद्यानं मालकावर ते बंधनच आहे. तरी लोक आजही मलाच बोट दाखवतात. दाखवू देत.

कर्जाचा हप्ता आहे, कळतं मला. बँकेत मी येतो तुझ्यासोबत, मुदत मागू. पण विकायचं नाही, एक करडूसुद्धा नाही. आज रात्रीच टेम्पोवाल्याला नाही म्हण, मग डॉक्टरांना फोन लाव, आणि ते कधी येतात ते मला कळव.

तुझा काका