मृत्यूनंतरचा लढा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : जिमी मुबेंगा यांची ‘बेकायदा हत्या’ झाल्याचे लंडनमधील ज्यूरीने मान्य केले, तरीही रक्षक निर्दोष कसे सुटले?

उत्तर : १२ ऑक्टोबर २०१० रोजी हीथ्रो विमानतळावर, अंगोलाला निघालेल्या विमानात, ब्रिटनमधून हद्दपार केल्या जाणाऱ्या मुबेंगांना एका खासगी कंपनीच्या तीन रक्षकांनी आसनावर दाबून धरले आणि त्यांचा मृत्यू झाला. श्वास घेता येत नसल्याचा त्यांचा आक्रोश प्रवाशांनी ऐकला होता. तरीही २०१२ मध्ये सरकारी अभियोक्त्यांनी खटला भरण्यास नकार दिला. पुढच्या वर्षी कॉरोनरसमोरील चौकशीत (कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा न्यायाधिकारी; त्याचे न्यायालय एकेकाळी मुंबईतही होते) ज्यूरीने बेकायदा हत्येचा निष्कर्ष दिला आणि अभियोक्त्यांना निर्णय फिरवावा लागला. ही चौकशी मृत्यू कसा झाला एवढेच ठरवते, कोणाला दोषी धरत नाही. मात्र तिथे पुराव्याची कसोटी सैल होती, हा समज चुकीचा आहे. त्या काळी हा निष्कर्ष देण्यासाठी फौजदारी खटल्याइतकाच निःसंशय पुरावा लागे. फरक पडला तो ज्यूरीपुढे काय आले यामुळे. रक्षकांच्या मोबाइलमधील वंशद्वेषी संदेशांची कॉरोनरने आपल्या अहवालात गंभीर दखल घेतली होती, पण २०१४ च्या खटल्यातील ज्यूरीला ते दाखवलेच गेले नाहीत. माझ्या मते सारे प्रकरण इथेच फिरले.

प्रश्न : शिक्षाच होत नसेल, तर मोहिमांनी साधते काय?

उत्तर : जुलै १९९३ मध्ये जॉय गार्डनर यांना हद्दपार करण्यासाठी पोलीस त्यांच्या लंडनच्या घरी गेले, आणि त्यांना जखडून, सुमारे तेरा फूट चिकटपट्टी तोंडाभोवती गुंडाळली गेली. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. १९९५ मध्ये तीन पोलीस निर्दोष सुटले, कॉरोनरची चौकशी तर झालीच नाही. मात्र हद्दपारीत तोंड बांधण्याची पद्धत बंद करावी लागली. त्यांच्या आई मायर्ना सिम्पसन अनेक वर्षे लढत राहिल्या. अशा कुटुंबांची ‘युनायटेड फॅमिलीज अँड फ्रेंड्स कॅम्पेन’ ही संघटना दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस पंतप्रधानांच्या निवासस्थानाकडे मूक पावलांनी मोर्चा नेते.

प्रश्न : आपल्याकडे कुटुंबाने आधी काय मागावे?

उत्तर : कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी आणि शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत. ही चौकशी कायद्याने बंधनकारक आहे. ती कोणी मेहेरबानी म्हणून करत नाही. परभणीच्या २०२४ च्या प्रकरणात अशी चौकशी होऊनही गुन्हा नोंदवला जाण्यासाठी मृताच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागावी लागली.