वाचकांचे प्रश्न : समोरची सर्व्हिस उत्तरच देत नाही तेव्हा

प्रश्न : नमस्कार ताई, माझं बीएससी आयटी झालंय, जावा बऱ्यापैकी येतं. स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कवर मायक्रोसर्व्हिसेसचा (मोठं सॉफ्टवेअर छोट्या स्वतंत्र सर्व्हिसमध्ये तोडायचा) ऑनलाइन कोर्स केला, त्यातलं युरेका, गेटवे, कॉन्फिग सर्व्हर सगळं चालवून बघितलं. पण अंधेरीला इंटरव्ह्यूत विचारलं, पेमेंट सर्व्हिसकडून उत्तरच आलं नाही तर ऑर्डरचं काय करशील? काहीच सुचलं नाही. आता कुठला कोर्स करू?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : कोर्स आता नको रे, खरंच नको. तू शिकलास ते सगळं नीट चालू असतानाचं, आणि या कामातली खरी डोकेदुखी समोरची सर्व्हिस अर्धवट चालू असते तेव्हा सुरू होते. २०१४ला स्प्रिंग बूट १.० आलं तेव्हापासून सर्व्हिस उभी करणं खूप सोपं झालंय, पण मधल्या नेटवर्कची हमी कुठलंच फ्रेमवर्क देत नाही.

असं कर. ऑर्डर आणि पेमेंट, दोनच सर्व्हिस घे. पेमेंटमध्ये ३० सेकंदांचा स्लीप, म्हणजे मुद्दाम थांबा, टाक आणि जेमीटर या लोड टेस्टिंगच्या टूलने ऑर्डरवर एकदम ३०० रिक्वेस्ट सोड. स्प्रिंग बूटमधल्या टॉमकॅट या वेब सर्व्हरला डिफॉल्ट २०० थ्रेड (एकेक रिक्वेस्ट हाताळणारे कामगार समज) असतात, ते सगळे पेमेंटची वाट बघत अडकतात आणि मग साधी ऑर्डरची यादी, जिचा पेमेंटशी काडीचा संबंध नाही, तीसुद्धा लटकते. पेमेंट बंद पडलेलं नाहीये, नुसतं स्लो आहे, तरी ऑर्डर आडवी! हे एकदा स्वतःच्या स्क्रीनवर बघच.

मग टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मर्यादा, लाव, समज २ सेकंद. जावाच्या जुन्या एचटीटीपी कनेक्शनला डिफॉल्ट टाइमआउट नसतोच, ते वाट बघत बसतं, म्हणून हा आपणच लावायचा.

आता तुझा प्रश्न. टाइमआउट आला म्हणजे पेमेंट फेल झालं असं नाही, एवढंच कळतं की आपल्याला कळलं नाही. भाजीवालीकडे क्यूआर स्कॅन केला, खात्यातून पैसे गेले पण तिचा स्पीकर गप्प, असं होतं ना? अशा वेळी पैसे किती दिवसांत परत द्यायचे हेसुद्धा रिझर्व्ह बँकेने २०१९मध्ये लिहून दिलंय, यूपीआयने दुकानात दिलेल्या पैशांसाठी जास्तीत जास्त व्यवहारानंतर ५ दिवस. म्हणजे ही अधांतरी अवस्था धरूनच सिस्टीम बांधायची. तू ऑर्डर पेंडिंग ठेव, पहिल्या रिक्वेस्टला जो आयडी दिलास त्याच आयडीने पेमेंटला स्टेटस विचार, आणि रिट्राय केलास तर तोही त्याच आयडीने. पेमेंटच्या टेबलमध्ये त्या आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तोच आयडी दुसऱ्यांदा न घेणारा नियम, हवाच. टेस्ट करायला स्लीप डेटाबेस कमिट झाल्यानंतर, म्हणजे नोंद पक्की झाल्यावर, टाक, कन्स्ट्रेंट काढून रिट्राय कर, एकाच ऑर्डरच्या दोन रो दिसतील. त्या गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले गेले! इंटरव्ह्यूत हेच सांगायचं होतं. आणि ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशन इथे वाचवत नाही, चूक झाली तर बदल मागे घ्यायची त्याची सोय ऑर्डरच्या डेटाबेसपुरतीच, पेमेंटकडे झालेलं ते रोलबॅक करू शकत नाही.

सर्किट ब्रेकर, म्हणजे समोरची सर्व्हिस वारंवार फेल झाली की तिला कॉल करणंच काही वेळ थांबवणारा भाग, यानंतर. कोर्समध्ये त्यासाठी हिस्ट्रिक्स ही लायब्ररी असेल तर सोड, नेटफ्लिक्सने २०१८मध्येच त्याचं पुढचं काम थांबवलं, आता रेझिलियन्स-फोर-जे घे. त्यात डिफॉल्टला किमान १०० कॉल झाल्याशिवाय ब्रेकर फेल्युअरचा हिशोबच करत नाही, आणि मुलं दहा कॉल मारून म्हणतात हे चालत नाही. शिकताना तो आकडा ५ कर.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. मायक्रोसर्व्हिसेससाठी आधी कुबरनेटीस (सर्व्हिस आपोआप चालवणारी, सांभाळणारी सिस्टीम) शिकू का?
– एक वाचक, परळ

उत्तर : आत्ता नको. दोन टर्मिनल उघडा, दोन जार (जावा प्रोग्रामच्या फाइल) वेगवेगळ्या पोर्टवर चालवा, प्रत्येकाला हीप, म्हणजे जावाची मेमरी, २५६ एमबी द्या, ८ जीबीत आरामात बसतं. कुबरनेटीस पडलेली सर्व्हिस परत उभी करेल, पण वरच्यासारखं दोनदा झालेलं पेमेंट त्याला कळणारही नाही. ते कोडमध्ये जमलं की मग डॉकर कंपोज (अनेक सर्व्हिस कंटेनरमध्ये एकत्र चालवायचं टूल), आणि कुबरनेटीस नोकरीत गरज पडेल तेव्हा.