७१ वर्षांच्या वडिलांच्या फोनमध्ये पावलं मोजणारं ॲप टाकून दिलं, पण पंधरा दिवसांत त्यांनी ते उघडणंच सोडलं. अशा ॲपचा वयस्कर माणसांना खरंच उपयोग होतो का?

होतो. पण ॲप टाकून दिल्यावर खरं काम सुरू होतं, आणि त्यातला पहिला महिनाभराचा भाग वडिलांचा नसून तुमचा आहे.

तुम्ही लिहिलंय की रोजचं लक्ष्य १०,००० पावलांचं होतं, आणि 'एवढं चाललो तरी आकडा हलत नाही' अशी वडिलांची तक्रार असायची. लक्ष्य तर चुकलेलं होतंच, मोजणीही बहुधा चुकत होती. त्यांनी कंटाळा केला असं मला वाटत नाही. आपण घेतलेल्या कष्टांची जो आकडा दखलच घेत नाही, तो रोज कोण बघेल?

आधी त्या १०,०००बद्दल. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये 'मान्पो-केई' नावाचं कमरेला लावायचं यंत्र विक्रीला आलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. तिथून तो जगभर पसरला आणि आज बऱ्याच ॲपमध्ये आधीपासूनच भरलेला असतो. २०१९मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७००हून जास्त स्त्रिया होत्या. रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५००च्या पुढे वाढीव फायदा दिसला नाही. जास्त चालणारी माणसं मुळातच धडधाकट असतात, हेही त्यात थोडंफार मिसळलेलं असणार. तरी सत्तरीतल्या माणसासाठी लक्ष्य कुठल्या पट्ट्यात असावं, याचा अंदाज येतो.

आता मोजणी. फोन पाय बघत नाही. त्याच्या आतला संवेदक शरीराला बसणारे हिसके टिपतो आणि ठरावीक लयीत आलेल्या हिसक्यांना पाऊल समजतो. पाऊल उचलून टाकणाऱ्या, बऱ्यापैकी वेगाने चालणाऱ्या माणसाचा हिसका स्पष्ट असतो. पाय घासत, सावकाश, लहान पावलं टाकणाऱ्याचा हिसका इतका सौम्य असतो की फोनला तो पाऊल वाटतच नाही. काठी, वॉकर किंवा सामानाची ढकलगाडी घेऊन चालताना मोजणी आणखी घसरते. शिवाय सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजायला सुरुवातच करायची नाही, अशी बऱ्याच फोनची रचना असते. त्यामुळे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत केलेल्या चार-चार पावलांच्या फेऱ्या वाया जातात. आणि सगळ्यात साधं कारण म्हणजे फोन टेबलावर राहतो आणि माणूस चालून येतो.

म्हणून सगळ्यात आधी शंभर पावलांची परीक्षा घ्या. ॲपमधला आकडा लिहून ठेवा. फोन वडील नेहमी ठेवतात तिथेच ठेवा आणि त्यांना त्यांच्या नेहमीच्या चालीने चालू द्या. तुम्ही शेजारी चालत मनात बरोबर १०० पावलं मोजा. थांबल्यावर एक-दोन मिनिटं जाऊ द्या, कारण आकडा उशिरा बदलतो. वाढ ९० ते ११०च्या दरम्यान असेल तर मोजणी चालण्यासारखी आहे. त्यापेक्षा कमी आली तर फोनची जागा बदलून बघा: पँटचा पुढचा खिसा किंवा कमरेला घट्ट बसणारा छोटा पाऊच. सैल सदऱ्याच्या खिशात किंवा हातातल्या पिशवीत फोन झुलत राहतो. जागा बदलूनही आकडा ६०च्या आसपासच राहत असेल, तर पावलांचा नाद सोडा आणि मिनिटं मोजा. निघताना घड्याळ सुरू, परतल्यावर बंद. आकडा लहान असला तरी खरा असला पाहिजे.

परीक्षेत फोन पूर्ण नापास झाला, म्हणजे आकडा अजिबातच हलला नाही, तर दोष बहुतेक सेटिंगमध्ये असतो. अँड्रॉइडवर तीन गोष्टी बघा. ॲपला शारीरिक हालचाल मोजण्याची परवानगी दिलेली आहे का? बॅटरी वाचवण्यासाठी फोन ते ॲप मागच्या मागे बंद तर करत नाही ना? ॲपच्या माहितीत बॅटरीच्या विभागात जाऊन हे बंधन काढता येतं. तिसरी गोष्ट सहज ध्यानात येत नाही: काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड आपोआप काढून घेतं. तो पर्याय त्या ॲपपुरता बंद करा, नाहीतर आजारपणातून उठल्यावर मोजणी का होत नाही हे कुणालाच कळत नाही. आयफोनवर गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये हालचाल आणि फिटनेसची नोंद चालू असावी लागते.

ॲप कोणतं, हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. फोनसोबत आलेलं 'हेल्थ', 'सॅमसंग हेल्थ' किंवा 'गूगल फिट' यातलं जे असेल ते पुरेसं आहे. नवीन घेणार असाल तर जाहिराती नसलेलं आणि अक्षरं मोठी करूनही मांडणी न बिघडणारं घ्या. पावलं मोजायला संपर्क यादीची परवानगी लागत नाही, ती मागणारं ॲप काढून टाका. 'सात दिवस फुकट' म्हणत कार्डाची माहिती मागणारंही नको. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या (एनएचएस) 'ॲक्टिव्ह १०' या ॲपची कल्पना मला फार आवडते. ते पावलांऐवजी झपझप चालण्याची मिनिटं मोजतं. आयफोन ८ किंवा त्यापुढचा फोन असेल तर 'हेल्थ'मध्ये चाल किती स्थिर आहे याची नोंदही मिळते. त्यासाठी त्यात उंची भरावी लागते, फोन कमरेजवळ ठेवावा लागतो, आणि ही नोंद आधाराशिवाय चालणाऱ्यांसाठीच आहे.

ॲप लावून देताना पडद्याकडेही नीट बघा. वयस्कर माणसं बटण दाबताना बोट जरा जास्त वेळ टेकवतात. फोन त्याला 'दाबून धरलं' समजतो आणि चिन्ह जागेवरून सरकतं किंवा नाहीसंच होतं. मग 'फोन बिघडला' म्हणून तो बाजूला पडतो. सुलभतेच्या सेटिंगमध्ये दाबून धरण्याची वेळ वाढवा, आणि होम स्क्रीनची मांडणी कुलूपबंद करण्याची सोय असेल तर तीही करून टाका. कोरड्या पडलेल्या बोटांना पडदा कधीकधी दादच देत नाही. वर जाड काच लावली असेल तर स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याचा पर्याय शोधा. आणि पावलांचा आकडा थेट पहिल्याच पडद्यावर विजेट म्हणून मोठ्या अक्षरांत लावा. ॲप उघडण्याची गरजच उरली नाही, तर ते रोज बघितलं जातं. कॅलरी, बिल्ले, अनोळखी लोकांशी स्पर्धा हे सगळं बंद. सलग दिवसांची साखळी मोजणारी सोय तर आवर्जून बंद करा. एक दिवस चुकला की ती शून्यावर येते आणि उत्साह जातो. किंवा ती तुटू नये म्हणून माणूस ताप असताना चालायला निघतो, आणि ते जास्त वाईट.

पहिला आठवडा कोणतंही लक्ष्य ठेवू नका. 'जसं रोज वागता तसंच वागा, फक्त फोन जवळ ठेवा' एवढंच सांगा. सात दिवसांची सरासरी काढा. समजा २,२०० आली, तर पुढच्या आठवड्याचं लक्ष्य २,५००, त्यापुढे दर आठवड्याला ३०० ते ५००ची भर. सात दिवसांपैकी पाच दिवस लक्ष्य गाठलं तरच पुढची पायरी, नाहीतर त्याच आकड्यावर आणखी एक आठवडा. गुडघा किंवा टाच दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल तर एक पायरी खाली. लक्ष्य ठेवावंच लागतं, नुसतं मोजून भागत नाही. पावलं मोजणाऱ्या साध्या यंत्रांवरच्या २६ अभ्यासांचा आढावा २००७मध्ये घेतला गेला. त्यात नियंत्रित चाचण्यांमध्ये यंत्र वापरणारे इतरांपेक्षा रोज सुमारे २,५०० पावलं जास्त चालले, आणि ज्यांना लक्ष्य दिलं नव्हतं त्यांच्यात म्हणावी अशी वाढ झाली नाही. त्यातली माणसं सरासरी पन्नाशीची होती, म्हणून वडिलांकडून तेवढ्या वाढीची अपेक्षा धरू नका. पण लक्ष्याचं महत्त्व त्यांनाही लागू आहे.

ही वाढ एका दमात करायची गरज नाही. 'सलग १० मिनिटं चाललात तरच धरायचं' ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली आहे. पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्याही चालतात, आणि गुडघेदुखी असलेल्यांना त्याच बऱ्या पडतात. 'चालायची वेळ झाली' अशी दिवसातून एकच सूचना लावा, तीही आधीच ठरलेल्या एखाद्या कामाला जोडून: सकाळचा चहा झाला की, किंवा संध्याकाळच्या बातम्या संपल्या की. दर तासाला वाजणाऱ्या सूचनेचा आवाज तिसऱ्या दिवशीच बंद केला जातो.

किती जोरात चालायचं? बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागावा. नाडीच्या ठोक्यांवर चालणारं लक्ष्य या वयात फसवं असतं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली, म्हणजे ठोके संथ ठेवणारी, गोळी चालू असेल तर ठोके फारसे वाढत नाहीत, आणि ॲप 'आणखी जोर लावा' म्हणत राहतं. तसं सांगणारी सोय बंदच ठेवा.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. पावलं मोजणारं ॲप ताकद आणि तोल मोजत नाही, आणि म्हातारपणी माणूस आडवा होतो तो बहुतेक या दोन गोष्टी गेल्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी. शिवाय आठवड्यातून २ दिवस स्नायूंचे व्यायाम, आणि ३ दिवस तोल व ताकद दोन्ही सांभाळणारे व्यायाम हवेत. पावलांचा आकडा कितीही छान असला तरी हा भाग कोराच राहू शकतो.

त्याची मोजणी फोनच्या स्टॉपवॉचवर होते. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. वडिलांनी दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येईल तितक्या वेळा करायचं. तुम्ही शेजारी उभे राहा. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२पेक्षा कमी वेळा जमलं, स्त्रीला १०पेक्षा कमी, तर पायांची ताकद सरासरीपेक्षा कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त. हातांचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल तर तो शून्य गुण धरायचा. तोलासाठी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून १० सेकंद उभं राहता येतं का ते बघा, हाताशी ओटा किंवा भिंत असू द्या.

व्यायामही हेच. खुर्चीतून उठ-बस ५ वेळा, थोडं थांबून पुन्हा ५; दोन आठवड्यांनी ८, मग १०. ओट्याला धरून टाचा उचलणं १० वेळा. टाचेला अंगठा लावून उभं राहणं, दोन्ही बाजूंनी. सगळं मिळून दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. याची आठवण ॲपवर लावता येते. व्यायामाचे व्हिडिओ दाखवायचे असतील तर टीव्हीवर लावा. खाली ठेवलेल्या छोट्या पडद्याकडे वाकून बघत तोलाचा व्यायाम करणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. चालतानाही तेच: आकडा थांबून बघायचा, चालता चालता कधीच नाही. जमिनीवर झोपून करायचे प्रकार सुरुवातीला गाळा, कारण अडचण व्यायामाची नसते, परत उठण्याची असते.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, जर छातीत दुखणं, थोडं चालून दम लागणं, उभं राहताना अंधारी येणं किंवा गेल्या वर्षभरात पडणं यातलं काही झालं असेल. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर फार खाली आणू शकणाऱ्या गोळ्या असतील तर चालण्याची वेळ त्यांच्याशी बोलूनच ठरवा, खिशात साखर ठेवा आणि परतल्यावर तळपाय बघा. चालताना छातीत दाब आला, घाम फुटला, चक्कर आली की तिथेच थांबायचं. कुणी सोबत नसेल तर तातडीच्या संपर्काचा क्रमांक फोनच्या कुलूप-पडद्यावर असायला हवा.

वडिलांचा आकडा तुमच्या फोनवरही दिसावा अशी सोय असते. त्यांना विचारूनच ती लावा. 'आज फक्त १,८०० कसे?' असा फोन गेला की त्यांना ती हजेरी वाटते. त्यापेक्षा ठरलेल्या दिवशी आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून सरासरी बघा आणि पुढच्या आठवड्याचं लक्ष्य त्यांनाच ठरवू द्या. तीन-चार आठवड्यांनी ॲपचं नवल ओसरतं, तेव्हा हेच आठवड्याचं बोलणं उपयोगी पडतं. जमलं तर त्या वेळी तुम्हीही चालत चालत बोला.

आजारपणाने किंवा प्रवासाने दोन आठवडे खंड पडला, तर जुन्या लक्ष्याच्या साधारण निम्म्यापासून पुन्हा सुरुवात करा. आणि एवढं सगळं करून महिन्यानंतरही त्यांना फोन नकोसाच वाटत असेल, तर ॲप काढून टाका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकोनात, पेनाने मिनिटं लिहायची आणि उठ-बस झाली की बाजूला बरोबरची खूण करायची. आठवड्याचं बोलणं मात्र चालू ठेवा.